सा म्हणजे ४४५६ : कमोडोर ६४ वर धून बांधताना

मिरजेला आमच्या घरी पेटी होती. बाबा भजनी मंडळात पेटीवर बसायचे. सतारमेकर गल्लीतले एक काका अधूनमधून यायचे, कोपऱ्यात बसून ऐकायचे आणि बाबांचं बोट गंधारावर थांबलं की मान हलवायचे. "पेटीचा गंधार चढा तो चढाच." मला तेव्हा काहीच कळायचं नाही. तो फरक मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला तो जर्मनीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जुन्या बाजारातून चाळीस युरोंना आणलेल्या कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर. इथले लोक त्याला लाडाने 'ब्रोटकास्टेन' म्हणतात, पावाचा डबा.

हे लिहिते आहे ते ज्यांना थोडंफार स्वरज्ञान आहे आणि या जुन्या यंत्रांवर चिपट्यून करून बघायची इच्छा आहे अशांसाठी. चिपट्यून म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. समोरची चिप ती धून त्या क्षणी स्वतः वाजवत असते, आणि आपण तिला फक्त आकडे देत असतो. त्यामुळे प्रत्येक सूर कुठे लावायचा हे आपल्या हातात राहतं. पेटीवर ते राहत नाही.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. त्यात 'सिड' नावाची आवाजाची चिप आहे, बॉब यॅनिस यांनी घडवलेली. पुढे एन्सॉनिक ही सिंथेसायझरची कंपनी काढणाऱ्यांत ते होते, आणि ही चिप उघडून बघितली की तेव्हाच त्यांच्या डोक्यात सिंथेसायझर होता हे दिसतं. तीन आवाज, प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी (त्रिकोणी, करवती, पल्स आणि खरखर), प्रत्येकाला स्वतंत्र चढ-उतार (सूर किती वेगाने उमटेल आणि विरेल ते), आणि तिघांत मिळून एक फिल्टर. सुराचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

यंत्र घेण्याआधी व्हाइस हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्या. फुकट आहे, आणि खाली सांगितलेलं सगळं त्यावर होतं. महिनाभर त्यावर रमलात तर मग खऱ्या यंत्राचा विचार करा. भारतात मागवणार असाल तर युरोपातलं पाल जातीचं घ्या (पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती). आपल्याकडची वीज त्याला चालते आणि त्याचं चित्र जुन्या टीव्हीवर येतं. अमेरिकेतलं एनटीएससी यंत्र घेतलंत तर खालचे आकडे लागू पडणार नाहीत.

यंत्र घरी आलं की प्लग लावायच्या आधी मल्टिमीटर हातात घ्या. मूळ अडॅप्टर चाळीस वर्षांचे झालेत. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर राळेत बुजवलेला असतो, आणि तो गेला की व्होल्टेज शून्य होत नाही, वर चढतं, आणि मेमरीच्या चिपा जाळतं. सव्वापाचच्या वर आकडा दिसला तर तो अडॅप्टर लावूच नका. खरं म्हणजे नवीन बनावटीचा अडॅप्टरच घ्या, एवढा एक खर्च टाळू नका. आणखी एक: सिडच्या दोन जाती आहेत. जुनी ६५८१ चालते १२ व्होल्टवर आणि नंतरची ८५८० चालते ९ वर. एकीच्या जागी दुसरी बसवायला जाऊ नका. फ्लॉपी ड्राइव्हच्या मागेही लागू नका. एसडी कार्डावरून वाचणारं 'एसडी-टू-आयईसी' हे छोटं उपकरण मिळतं, ते पुरतं.

आता पहिला सूर. यंत्र सुरू केलं की निळ्या पडद्यावर बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा तयारच असते. त्यातली 'पोक' ही आज्ञा आपली. एखाद्या खणात आकडा टाकायचा, एवढंच तिचं काम. सिडचे खण ५४२७२ पासून सुरू होतात. पहिल्या आवाजाला सात, मग दुसऱ्याला सात, मग तिसऱ्याला सात, आणि शेवटी फिल्टर व एकूण आवाज. मी लिपी देवनागरी ठेवते आहे, तुम्ही कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं वापरा.

पोक ५४२९६,१५
पोक ५४२७८,२४०
पोक ५४२७२,१०४
पोक ५४२७३,१७
पोक ५४२७६,३३

पहिल्या ओळीने एकूण आवाज पूर्ण उघडला. दुसरीने सूर लावल्यावर तो टिकून राहील अशी सोय केली. तिसरी-चौथी म्हणजे सूर. पाचवीतले ३३ म्हणजे ३२ अधिक १: ३२ ही करवती लहर, आणि १ म्हणजे कळ दाबलेली. कळ सोडायची तर तिथेच ३२ टाका.

सुराचा आकडा दोन खणांत वाटून द्यावा लागतो. १७ गुणिले २५६, अधिक १०४, म्हणजे ४४५६. हा आपला षड्ज, पेटीवरची काळी-पांढरी मोजत बसाल तर मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढरीचा. पाल यंत्रात हर्ट्झला सुमारे १७.०३ ने गुणलं की सिडचा आकडा मिळतो. त्या हिशेबाने ४४५५ येतात, पण मी ४४५६ धरते, कारण त्याला चारने पूर्ण भाग जातो. शुद्ध गंधार म्हणजे षड्जाच्या सव्वापट: ५५७०. पंचम दीडपट: ६६८४. कुठेही अपूर्णांक नाही.

आता दुसऱ्या आवाजावर षड्ज लावून ठेवू.

पोक ५४२८५,२४०
पोक ५४२७९,१०४
पोक ५४२८०,१७
पोक ५४२८३,३३

आणि पहिल्या आवाजावर आधी पेटीचा गंधार लावा. तो येतो ५६१४, म्हणजे २१ आणि २३८.

पोक ५४२७३,२१
पोक ५४२७२,२३८

ऐका. दोन्ही सुरांमध्ये एक थरथर आहे, सेकंदाला साधारण दहा वेळा. आता एकच आज्ञा द्या:

पोक ५४२७२,१९४

थरथर थांबते. कमी होत नाही, थांबतेच. षड्जाच्या आकड्याची पाचपट आणि गंधाराच्या आकड्याची चौपट, दोन्ही २२२८० येतात. दोन्ही सुरांना घड्याळही एकच असल्यामुळे ते एकमेकांपासून तसूभरही सरकत नाहीत. तंबोरा उत्तम जुळला की खोलीत जो आपोआप गंधार उमटतो, तो हा. मी त्या रात्री २३८ आणि १९४ हे दोनच आकडे आलटून पालटून किती वेळ टाकत बसले होते सांगता येणार नाही. काका ज्याच्यासाठी मान हलवायचे ते अंतर चव्वेचाळीसचं होतं.

सांगली-मिरज भागातल्या वाचकांना हे नवं नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून श्रुती मोजल्या, क्लेमेंट्स या इंग्रज साहेबांबरोबर श्रुतींची पेटी बनवण्याची खटपट केली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्यांना त्यासाठी नवीन पेटी घडवावी लागली. आपल्याला आकडा बदलला की झालं.

बाकीचे स्वर असे: रे ५०१३, म ५९४१, ध ७४२७, नी ८३५५, तार सा ८९१२. कोमल रे ४७५३, कोमल ध ७१३०. हे कुठल्याही रागाचे अंतिम आकडे नव्हेत. भैरवातला कोमल रिषभ मी याहून थोडा खाली घेते, आणि किती खाली ते दर वेळी कानानेच ठरतं. खालच्या सप्तकासाठी निम्मे करा, वरच्यासाठी दुप्पट.

सुरुवातीला मी बेसिकमध्येच अख्खी धून लिहिली होती, दोन सुरांमध्ये 'फॉर-नेक्स्ट'चं रिकामं चक्र फिरवून वेळ काढत. सूर सुरेल होते आणि ताल पार ढासळलेला होता, कारण सूर बदलण्याच्या आज्ञा चालवायलाही बेसिकला वेळ लागतो आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो. तीन आवाज एकदम सांभाळायचे तर बेसिक सोडावंच लागतं.

म्हणून ट्रॅकर. ट्रॅकर म्हणजे उभ्या तीन रांगांची वही, एकेक रांग एकेका आवाजाची, आणि धून वरून खाली वाजत जाते. लासे ऊर्नी या फिनलंडच्या माणसाने लिहिलेला 'गोटट्रॅकर' आजच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि सिडसाठी प्रोग्रॅम बनवून देतो. 'सिड-विझार्ड' खुद्द कमोडोरवरच चालतो. या वहीची कल्पना घडली तीही बऱ्याच अंशी याच यंत्रावर: क्रिस ह्युल्सबेक यांचा 'साउंडमॉनिटर' १९८६ साली '६४-अर' या जर्मन मासिकात छापून आला, आणि लोकांनी तो पानांवरून बघून बघून टाइप करून घेतला. मी गोटट्रॅकरमध्ये सुरुवात करा असं सांगेन, कारण तिथे चूक दुरुस्त करणं सोपं आहे.

ट्रॅकरमध्ये सगळं फ्रेमने मोजतात. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, आणि पाल यंत्रात सेकंदाला ५० फ्रेम. टेम्पो ६ ठेवला की वहीतली एक ओळ ६ फ्रेमची. चार ओळींची एक मात्रा धरली तर मात्रा झाली २४ फ्रेमची, म्हणजे मिनिटाला १२५ मात्रा. आणि गोटट्रॅकरमध्ये नवा पॅटर्न उघडला की तो असतो ६४ ओळींचा. सोळा चोक चौसष्ट. त्रितालाचं एक आवर्तन नेमकं एका पॅटर्नमध्ये बसतं, सम पहिल्या ओळीवर, खाली तेहतिसाव्या ओळीवर. झपताल हवा तर पॅटर्न ४० ओळींचा करा, रूपक हवा तर २८.

लय मात्र हवी तेवढी हळूहळू वाढवता येत नाही. टेम्पो ५ केला की १२५ वरून एकदम १५०, ७ केला की १०७. मधली लय हवी असेल तर एक ओळ सहाची, एक पाचाची अशी ठेवतात, म्हणजे १३६ च्या आसपास येते आणि चालीला थोडा झोलही मिळतो. द्रुतात जाताना मी हेच करते.

ट्रॅकरमधला सुरांचा तक्ता पेटीसारखा असतो, सप्तकाच्या बारा समान भागांचा. पण प्लेअरच्या, म्हणजे धून वाजवणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये हा तक्ता आकड्यांच्याच रूपात असतो, एक यादी खालच्या खणाची आणि एक वरच्या. आपल्या संगीतात धून चालू असताना षड्ज बदलत नाही, म्हणून त्या यादीत एकदा आपले आकडे भरले की अख्खी धून सुरेल. पाश्चात्त्य धाटणीची धून, जिथे पट्टी मध्येच बदलते, तिथे हे करू नका. तिथे समान भागांचाच तक्ता योग्य.

आता तीन आवाज वाटून घ्यायचे. माझी सवय अशी: एकावर तंबोरा, एकावर चाल, एकावर तबला.

तंबोऱ्यासाठी पल्स लहर घ्या. या लहरीची रुंदी ० ते ४०९५ पर्यंत बदलता येते. २०४८ ला ती समान चौकोनी असते आणि आवाज पोकळ येतो. जसजशी रुंदी कमी होते तसा आवाज अनुनासिक, तारेसारखा होतो. रुंदी ३०० पासून ९०० पर्यंत दर फ्रेमला ६ ने वाढवत न्या, म्हणजे दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत सुराच्या आतले वरचे सूर एकामागून एक उजळत जातात. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढताना जे ऐकू येतं ते याच्या फार जवळचं आहे. छेडायचा क्रम नेहमीचाच: मंद्र पंचम ३३४२, दोनदा ४४५६, मग खर्ज २२२८.

चालीसाठी करवती किंवा जरा रुंद पल्स. इथे खरा अभ्यास मींडेचा. ट्रॅकरमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत नेण्याची आज्ञा असते, पण ती दर फ्रेमला सारखंच पाऊल टाकते, आणि ऐकायला ते यंत्र सरकल्यासारखं वाटतं. गळा तसा जात नाही. तो निघताना रेंगाळतो, मध्ये वेग घेतो, पोचताना पुन्हा सावकाश होतो. गंधार ते पंचम अंतर आहे १११४. मी ते बारा फ्रेमवर असं वाटते: २५, ५०, ९०, १२०, १३५, १३७, आणि मग तेच उलटे, १३७, १३५, १२०, ९०, ५०, २५. पाव सेकंदाची मींड होते. आलापासाठी प्रत्येक पाऊल अर्धं करून २४ फ्रेम घ्या. ट्रॅकरमध्ये यासाठी सरकण्याचा वेग ओळीओळीला बदलत न्यावा लागतो. चिकाटीचं काम आहे, पण धून गाते की नुसती वाजते हे इथेच ठरतं, म्हणून ते टाळू नका.

तबला तिसऱ्या आवाजावर. 'धा' म्हणजे दोन हात एकदम, आणि आपल्याकडे आवाज एकच. तेव्हा तो फ्रेममध्ये चिरायचा. पहिली फ्रेम खरखर: बोट पुडीवर आदळल्याचा आवाज. दुसरी-तिसरी फ्रेम त्रिकोणी लहर, ८९१२ वर: हा 'ना', चाटीचा सूर. चौथ्या फ्रेमला एकदम खाली १४०० वर या, आणि मग १४४०, १५००, १५८०, १६६०, १७४०, १८०० असे चढत जा. हा डग्गा. मनगट दाबल्यावर घुमारा वर जातो तो हा चढ. चढ काढून टाकून एकदा ऐका, नुसता ढोल होतो. उतार ८ ठेवला की तीनशे मिलिसेकंदांत आवाज विरतो, पुढच्या मात्रेच्या आड येत नाही. छोट्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नसेल तर खालच्या भागाला त्रिकोणी ऐवजी पल्स लहर द्या.

एखादा बोल उशिरा लागतोय किंवा गिळला जातोय असं वाटलं तर तुमची चूक नाही. सिडच्या चढ-उताराच्या यंत्रणेत एक जुना दोष आहे. आधीच्या सुराचा उतार अर्धवट असताना नवा सूर आला की ती अडखळते. उपाय असा की नव्या सुराच्या दोन फ्रेम आधी कळ सोडायची आणि चढ-उताराचे खण शून्य करायचे. ट्रॅकर हे आपोआप करतो, त्याला हार्ड रिस्टार्ट म्हणतात. स्वतः प्लेअर लिहिलात तर आठवणीने करा.

चिपट्यूनची जी खास खूण सगळ्यांना माहीत असते, दर फ्रेमला सूर बदलून एका आवाजात तीन सुरांचा भास करायचा, ती अर्थातच या यंत्रावर सुंदर होते. सा-ग-प सेकंदाला सोळा-सतरा वेळा फिरले की त्यांची एक चमचमती गोळी होते. मी ती तिहाईच्या शेवटी, समेवर, एकदाच वापरते.

तीनच आवाज असल्यामुळे सगळ्यात मोठा निर्णय असतो कोणी गप्प बसायचं. तंबोरा सतत लावून ठेवला तर चालीला दुसरी साथ मिळत नाही. करून बघा: चाल भरात असताना तंबोऱ्याचा आवाज काढून घ्या आणि त्यावर चालीचीच सावली ठेवा, तेच सूर तीन फ्रेम उशिराने, हळू. सभागृहात गायल्यासारखी आस मिळते. चाल श्वास घेईल तिथे फक्त एकदा पंचम-षड्ज छेडा. ऐकणाऱ्याच्या कानात तंबोरा चालूच राहतो. माझ्या पहिल्या चार-पाच धुनांत तिन्ही आवाज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भरलेले होते आणि त्या मला आज ऐकवत नाहीत. इतरांचं काम ऐकायचं तर 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' हा संग्रह आहे, पन्नास हजारांहून जास्त धुनांचा. त्यातली एखादी आवडली की प्लेअरमध्ये एकेक आवाज बंद करून ऐका, कोण कधी थांबतं ते कागदावर लिहून काढा. मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं.

फिल्टरबद्दल थोडंच. ६५८१ चा फिल्टर चिपेगणिक वेगळा वागतो. माझ्या यंत्रावर घुमणारी धून मित्राच्या यंत्रावर दबलेली ऐकू आली. ८५८० बरीच एकसारखी वागते. चाल फिल्टरवर सोपवू नका, तंबोऱ्यावर हलकासा हात म्हणून वापरा.

रेकॉर्ड करायचं तर मागच्या गोल ऑडिओ-व्हिडिओ सॉकेटमधून केबल काढून ती कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या. किंचित खरखर येते, ती राहू द्या. धून सिड फाइल म्हणून वाटणार असाल तर फाइलीच्या माथ्यावर पाल की एनटीएससी आणि ६५८१ की ८५८० हे लिहिण्याची जागा असते, ती रिकामी सोडू नका. माझा भूप न्यू जर्सीतल्या भाच्याने त्याच्या एनटीएससी यंत्रावर वाजवला आणि मला फोन केला, "मावशी, एवढी घाई कसली?" त्याच्याकडे सेकंदाला साठ फ्रेम, त्यामुळे लय १२५ ची १५० झाली होती, आणि घड्याळ वेगळं असल्याने पट्टीही पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडी जास्तच चढली होती. गंधार मात्र षड्जाशी जिथल्या तिथे होता. त्याच्यासाठी षड्ज ४२९३ धरून नवा तक्ता केला, टेम्पो ७ केला, आणि १२९ च्या लयीत तो आता माझ्या भूपाच्या जवळपास आला आहे.